एकवीस दिवसांची वही

प्रार्थना चालू होती आणि तिसरीतली वैजू शेलार काखेत कोंबडी घेऊन ओळीत उभी होती. दोन्ही हात जोडावेत तर कोंबडी सुटणार, म्हणून तिने एकच हात छातीशी धरला होता आणि डोळे मात्र सगळ्यांपेक्षा घट्ट मिटले होते. माझी चौथीची पोरं प्रार्थना म्हणता म्हणता फिदीफिदी हसत होती. प्रार्थना संपल्यावर मी तिला पुढं बोलावलं आणि हा काय प्रकार आहे, म्हणून विचारलं.

"बाईंनी आणाय सांगितलीया," वैजू म्हणाली. "खुडूक झालीया. वर्गात बसवायची हाय."

तोडकर बाई पुढं आल्या. दुसरी आणि तिसरी त्यांच्याकडे होती, पहिली आणि चौथी माझ्याकडे. कोंबडीखाली अकरा अंडी ठेवायची, कोपऱ्यात तिला झाकायला वेताचं डालगं ठेवायचं आणि एकवीस दिवस मुलांनी पाहायचं, असा त्यांचा बेत होता. "गुरुजी, तुमची परवानगी असेल तरच," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापक मी होतो, आणि नाही म्हणायला घाणीचं एक कारण पुरलं असतं. पण एकेचाळीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी हो म्हणालो आणि शुक्रवारी काबरी कोंबडी शाळेत दाखल झाली.

खडकेवाडी म्हणजे पाटणच्या डोंगरातली साठ उंबऱ्यांची वाडी. शाळेला दोन खोल्या, मधली भिंत आढ्यापर्यंत न पोचलेली. त्यामुळे एका वर्गातला शब्द दुसऱ्या वर्गात न बोलावता येई. मी तिथं सतरा वर्षं होतो. माझं अक्षर केंद्रात नावाजलेलं, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या पोराचं अक्षर दहा जणांत ओळखू यायचं. तीसपर्यंतचे पाढे माझी चौथी झोपेतसुद्धा म्हणायची. आसपासच्या गावांत या शाळेला 'मोहिते गुरुजींची शाळा' म्हणत, आणि तसं म्हटलेलं मला आवडायचं.

तोडकर बाई बार्शीकडच्या. दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा पंचविशीच्याही नसतील. पहिल्या पावसाळ्यातच परत जातील, असं मी बायकोला सांगितलं होतं. त्या गेल्या तर नाहीतच, उलट एके दिवशी पिठाच्या गिरणीत रांगेत उभा असताना मी ऐकलं, एक बाई दुसरीला सांगत होती, "पोरगी बाईंच्या शाळंत जाती." मी दळण तसंच ठेवून घरी आलो. हौसाला, म्हणजे माझ्या बायकोला, गिरणी बंद आहे म्हणून सांगितलं.

आता लपवण्यात काही अर्थ नाही. मला त्यांचा हेवा वाटत होता. पोटात दुखावं तसा तो रोज दुखायचा, आणि कोंबडी आल्यापासून तर भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू यायचा. गणिताला कोंबडी, भाषेला कोंबडी, भूगोलाला कोंबडी. किराणा दुकानातला तराजू आणून त्यांनी अंडी तोलली, बेरजा केल्या, सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकं यांची वजाबाकी केली. दाणे टिपायला सोडली की कोंबडी कुठं कुठं जाते त्याचा पोरांनी नकाशा काढला, त्यात उत्तर दिशा बरोबर दाखवली. अंड्यांवर पेन्सिलीने आकडे घातले. आणि प्रत्येकाला एक वही. तिच्यात रोज लिहायचं. त्या वहीचा बाईंनी एकच नियम घातला होता आणि तो मी भिंतीवरून शंभरदा ऐकला: पाहिलं ते लिहायचं, ऐकलं ते लिहायचं, मोजलं ते लिहायचं, मनातलं लिहायचं नाही.

इकडे माझी चौथी सतराचा पाढा म्हणताना माना भिंतीकडं करायची.

तेवढ्यात केंद्रप्रमुख जंगम साहेब येऊन गेले. केंद्रातल्या बारा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमायचे, त्याला शिक्षण परिषद म्हणत. ज्या शाळेत परिषद, तिथल्या शिक्षकाने सगळ्यांसमोर एक आदर्श पाठ द्यायचा. आमच्या शाळेची पाळी दोन-तीन वर्षांनी यायची आणि पाठ नेहमी मीच द्यायचो. साहेबांनी बाईंच्या वर्गात अर्धा तास काढला, वह्या चाळल्या, बोटांवर दिवस मोजले आणि बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मोहिते, परिषद शुक्रवारी घेऊ, एकविसाव्या दिवशी. पाठ तोडकर बाईंचा. बाराही शाळांसमोर पिल्लं बाहेर येऊ देत."

मी हसून 'फारच छान' म्हणालो. त्या आठवड्यात मी हा शब्द इतक्यांदा म्हणालो की माझेच कान किटले.

सातव्या दिवशी बाईंनी वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि एकेक अंडं टॉर्चवर धरून पोरांना दाखवलं. मलाही बोलावलं. अंधारात अंडं आतून तांबूस उजळलं आणि मधे एक ठिपका, त्याच्याभोवती केसाएवढ्या लाल रेषा पसरलेल्या. ठिपका हलत होता. सतरा वर्षं मी पोरांना 'सजीवांची लक्षणे' पाठ करून घेतली, पण हे कधी पाहिलं नव्हतं. अकरापैकी नऊ अंड्यांत रेषा होत्या, दोन कोरी निघाली. नऊ पिल्लं, असं पोरं ओरडली. माझ्या अंगावर काटा आला होता आणि त्याच क्षणी मनात आलं, हे मला का नाही सुचलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. बाईंच्या आईला दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला. त्यांना दुपारच्या एस.टी.ने निघायचं होतं, सोमवारी सकाळी परत यायचं होतं. शाळेच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असायची. त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं: दिवसातून एकदा कोंबडीला बाहेर सोडायची, दाणापाणी झालं की पाव तासात ती आपणहून परत येते, आली की दार लावायचं. थंडीचे दिवस आहेत, अंडी फार वेळ उघडी राहता कामा नयेत.

"तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त जाते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पाचला मी शाळेत गेलो. डालगं उचललं. काबरी अंग फुलवून, कुरकुरत बाहेर पडली आणि अंगणात दाणे टिपू लागली. ती येईपर्यंत करायचं काय, म्हणून मी बाईंच्या वर्गात भिंतीवर लावलेलं वाचत उभा राहिलो. दाराजवळ एक पुठ्ठ्याची पेटी होती. कोणालाही प्रश्न पडला तर चिठ्ठी टाकायची. मी पेटी उघडली. वरचीच चिठ्ठी उलगडली आणि माझी नजर आधी अक्षरावर गेली. गोल, टपोरं, रेघेवर नेमकं बसलेलं. ते अक्षर मी घडवलं होतं. संजू घाडग्याचं होतं ते, माझ्या चौथीतल्या शिष्यवृत्तीच्या पोराचं. त्यात लिहिलं होतं: 'मी चौथीत आहे. मला पण वही मिळेल का?'

चिठ्ठी मी होती तशी घडी करून ठेवली. पेटी बंद केली. बाहेर आलो, दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी विसरलो. डोकं ठिकाणावर नव्हतं, माणूस विसरतो. पण कुलूप लावताना काबरी पायरीपासून दहा हातांवर होती. तिने मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं आणि मी तिच्याकडं. मग मी किल्ली खिशात टाकून घरी आलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी ओसरीच्या आत पेपर वाचत बसलो होतो. हौसाने स्वयंपाकघरात कुकर चढवला होता. दाराच्या फटीतून पाहिलं तर रस्त्याने वैजू येत होती, काखेत काबरी. मी उठून हळूच आतून कडी घातली.

वैजूने दार वाजवलं. "गुरुजी," तिने हाक मारली. "गुरुजी, काबरी आमच्या घरी आलीया. कालच्यानं आमच्यातच हाय."

हौसा पदराला हात पुसत बाहेर आली. मी ओठांवर बोट ठेवलं.

"पोर दारात उभी हाय," ती कुजबुजली.

"राहू दे."

"अहो, पण..."

मी डोळे वटारले. ती जागच्या जागी थांबली. वैजूने परत हाक मारली, मग परत. तिच्या हाका घाईच्या नव्हत्या. एक मारायची, थांबायची, ऐकायची, मग दुसरी. मी पेपरातल्या एकाच ओळीकडे बघत होतो. आणि त्या शांततेत कुकरने शिट्टी दिली. मी दचकलो. हौसा आत पळाली नाही, तिथंच माझ्याकडं बघत उभी राहिली. दुसरी शिट्टी झाली. दाराबाहेर काही हललं नाही. तिसरीही झाली, तेव्हा कुठं हौसा आत गेली आणि तिने स्टोव्ह बंद केला. त्यानंतर पायरीवरून पोरीची पावलं उतरल्याचं मला ऐकू आलं.

जेवताना हौसाने वाढलं. भात करपला होता.

चार वाजता मी अंगात सदरा घालून, खांद्याला पिशवी अडकवून, गावाला जाऊन आल्यासारखा मागच्या वाटेने शाळेकडे गेलो. वैजू पायरीवर बसली होती. मांडीत काबरी, आणि कोंबडीच्या पाठीवर तिने स्वतःची ओढणी घातली होती. सकाळपासून तिथंच होती की मधे जेवून आली, ते मी विचारलं नाही.

"अगं, तू इथं?" मी म्हणालो. "मी पाटणला गेलो होतो सकाळपासून. आत्ताच गाडीतून उतरतोय."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "बरं, गुरुजी," ती म्हणाली.

दार उघडल्याबरोबर ती आत धावली. तिने एकेक अंडं उचलून गालाला लावलं. मीही एक हातात घेतलं. माठातल्या पाण्याइतकं गार होतं. काबरी मात्र काहीच घडलं नसल्यासारखी अंड्यांवर बसली, पंख पसरले, डोळे अर्धे मिटले. वैजूने डालगं झाकलं आणि दप्तरातून वही काढून कोपऱ्यात लिहायला बसली. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पोरं त्या वहीत दिवसभर काहीबाही लिहीतच असायची.

सोमवारी बाई आल्या. आईला बरं होतं. मी त्यांना सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, त्यांनी आभार मानले. पुढचे दिवस रोजच्यासारखे गेले. चौदाव्या दिवशी पुन्हा टॉर्च लावू या, म्हणून पोरं मागं लागली तेव्हा बाई नको म्हणाल्या, आता वाट पाहू. एवढाच फरक मला जाणवला होता, आणि त्याचा अर्थ लागला नव्हता.

एकविसाव्या दिवशी बारा शाळांचे चौतीस शिक्षक बाईंच्या वर्गात मागच्या बाजूला सतरंजीवर दाटीवाटीने बसले. जंगम साहेब खुर्चीवर, शेजारी मी. पाठ सुरू झाला. पोरांनी वजनं सांगितली, नकाशा दाखवला, स्वतः रचलेलं कोंबडीचं गाणं म्हटलं. एरवी पाहुणा आला की भिंतीला चिकटणारी दुसरीतली पोरं उठून, न अडखळता बोलत होती. माझ्या पोटात परत दुखायला लागलं. पण डालग्यातून काही आवाज येत नव्हता. बाईंनी दोनदा कान लावला. अर्धा तास गेला, तास गेला. मागून कोणीतरी म्हणालं, अंडीच पोकळ असतील. दोघं-तिघं हसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"नऊ अंड्यांत जीव होता ना?" साहेबांनी वर्गाला विचारलं. "मग आज पिल्लं का नाहीत? कोण सांगेल?"

वैजू उभी राहिली. तिच्या हातात वही होती.

"नवव्या दिवशी अंडी गार पडली हुती," ती म्हणाली.

"का बरं?"

तिने वहीकडं पाहिलं, मग बाईंकडं, मग माझ्याकडं. "का ते मी बघितलं न्हाई. बघितलं न्हाई ते आमी सांगत न्हाई."

चौतीस शिक्षकांत कौतुकाची कुजबुज झाली. बाई फळ्याकडे वळल्या आणि तारीख लिहून त्यांनी वर्गाला विचारलं, आज काय लिहायचं? पोरं एका सुरात म्हणाली, आज पिल्लं आली नाहीत. आणि सगळ्यांनी माना खाली घालून ते लिहिलं. दुसरीतला एक लहानगा लिहिता लिहिता रडत होता, पण लिहीत होता.

जेवणाच्या पंगतीत बाई माझ्यासमोरच बसल्या. मला त्यांनी वांग्याची भाजी आग्रहाने वाढली. निघताना जंगम साहेबांनी मला बाजूला घेतलं. "पोरं चुणचुणीत आहेत, पण असे प्रयोग बेभरवशाचे," ते म्हणाले. "पुढच्या वेळी आपला तुमचाच पाठ ठेवू, मोहिते. अक्षराचा." मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. घरी जाताना मी ते स्वतःला दोनदा सांगून पाहिलं.

तेविसाव्या दिवशी, रविवारी, दोन पिल्लं बाहेर आली. वैजू वाडीभर सांगत फिरली. उरलेली सात आणि ती दोन कोरी अंडी पोरांनी शाळेमागे पुरली आणि नवातून दोन गेले सात, असं लिहिलं.

एप्रिलमध्ये बाईंना बार्शीजवळ बदली मिळाली. आईसाठी त्यांनीच मागितली होती. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या वह्या दोरीने बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. वर्षअखेरीला वह्या तपासून शेवटच्या पानावर मुख्याध्यापकाने सही करायची पद्धत होती. "सावकाश वाचा, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पोरांनी मनापासून लिहिलंय."

दुपारी शाळा सुटल्यावर मी वाचायला बसलो. चौथी की पाचवी वही वैजूची होती. अक्षर किरटं, रेघ सोडून वर चढणारं. नववा दिवस उघडला.

'नववा दिवस. रविवार. काबरी काल संध्याकाळपासून आमच्या घरी होती. मी तिला गुरुजींच्या घरी नेलं. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. मी हाका मारल्या ५. आत कुकरच्या शिट्ट्या झाल्या ३. नंतर शिट्टी झाली नाही. दार उघडलं नाही. मी शाळेच्या पायरीवर बसले. चार वाजता गुरुजी आले. गुरुजी म्हणाले, पाटणला गेलो होतो. अंडी ११. गार ११.'

बाकी एक शब्द नव्हता. मनातलं काही लिहिलेलं नव्हतं.

खाली लाल शाईत बाईंची बरोबरची खूण होती, 'उत्तम निरीक्षण' असा शेरा होता आणि तारीख होती. ती तारीख मी किती वेळ बघत बसलो, सांगता येणार नाही. ती दुसऱ्याच दिवसाची, सोमवारची होती. मी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, त्याच दिवसाची.

बाकीच्या सगळ्या वह्यांवर मी सह्या केल्या. ती एक टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी बाईंना एस.टी.त बसवायला सगळी वाडी लोटली होती. मीही गेलो, नारळ दिला. त्यांनी वाकून नमस्कार केला. बाई काही बोलतील, एखादा तरी शब्द बोलतील, असं गाडी वळणाआड जाईपर्यंत मला वाटत होतं.

जूनमध्ये शाळा भरली. तिसरी आता चौथी झाली होती आणि चौथी माझी होती. वैजू पहिल्या रांगेत बसली. मी गेल्या वर्षीच्या वह्या वाटल्या. सगळ्यांना मिळाल्या, तिची नव्हती. ती उठून टेबलापाशी आली. कुलूपबंद खणापासून ती वीतभर अंतरावर उभी होती.

"गुरुजी, माझी वही?"

"नाही सापडली," मी म्हणालो. "बाईंच्या सामानात गेली असेल."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पायरीवर बघत राहिली होती तशीच.

"बरं, गुरुजी," ती म्हणाली.

जागेवर जाऊन बसली. दप्तरातून नवी कोरी वही काढली, पहिलं पान हाताने दाबून सपाट केलं आणि वरच्या कोपऱ्यात तारीख घातली.